गर्भारपणाची नोंद आणि दोन जिवांचे आरोग्य

(संघाच्या वार्षिक संमेलनात महिला शाखेच्या विद्यमाने दिलेले व्याख्यान)



महिला शाखेच्या चालकांनी आज आम्हांस येथे बोलावयास पाचारण केले, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. या व्यासपीठावरून प्रतिवर्षी शिक्षण, वसतिगृह, शिष्यवृत्त्या, विवाहखर्च अशा प्रश्नांचा ऊहापोह होतो, आणि तो व्हावयासच पाहिजे. परंतु ज्या घटनेने प्रत्येक कुटुंबाची पुढची पिढी घडते, त्या गर्भारपणाचा विचार मात्र माजघरातील बायकांचा विषय म्हणून बाजूस ठेवला जातो. आज पुरुषमंडळीही मोठ्या संख्येने समोर बसलेली आहेत. आमचे बोलणे जितके भगिनींसाठी आहे तितकेच त्यांच्यासाठीही आहे, हे आरंभीच सांगून ठेवतो.

गर्भिणीची काळजी घेणे आपणांस नवे नाही. गर्भवतीला काठोकाठ तेलाने भरलेल्या भांड्याप्रमाणे, हिंदकळू न देता सांभाळावे, असे चरकसंहितेत सांगितले आहे. आपल्या घरांतून डोहाळे पुरविले जातात, ओटी भरली जाते, डोहाळजेवण होते. पहिलटकरणीला माहेरी आणतात. बाळंतिणीला डिंकाचे लाडू व अळिवाची खीर मिळते. ही सारी रीत मायेची आहे आणि तीत पुष्कळ शहाणपण आहे. परंतु या मायेला एक मुदत आहे. बारसे झाले, सव्वा महिना सरला, बाळंतीण चालती-बोलती झाली, की ‘सुखरूप सुटली’ असे म्हणून घरचे लोक तो अध्याय मिटवितात. आधुनिक वैद्यकाने गेल्या काही दशकांत जे दाखवून दिले आहे ते असे की, हा अध्याय तेथे मिटत नाही. त्या नऊ महिन्यांत जे घडते त्याचे पडसाद मुलाच्या प्रकृतीत चाळीस-पन्नास वर्षांनीही उमटतात. आणि मातेच्या प्रकृतीतही उमटतात. ही दुसरी गोष्ट आपल्यापैकी फारच थोड्यांच्या ध्यानात असते.

प्रथम मुलाकडे वळू. इंग्लंडमध्ये हर्टफर्डशायर नावाचा परगणा आहे. तेथे १९११ पासून एक शिस्त घालून दिलेली होती. सुईणींनी व आरोग्यसेविकांनी प्रत्येक बालकाचे जन्माच्या वेळचे वजन व वर्षाचे झाल्यावरचे वजन वहीत टिपून ठेवावयाचे. ही शिस्त मार्गारेट बर्नसाइड या कर्तबगार पर्यवेक्षिकेने लावली. त्या वह्या पुढे अनेक दशके जपल्या गेल्या. डेव्हिड बार्कर या वैद्यक-संशोधकाने व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वह्यांवरून १९११ ते १९३० या काळात जन्मलेल्या ५,६५४ पुरुषांचा माग काढला आणि १९८९ साली आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. जन्मतः आणि वर्षाअखेरीस ज्यांचे वजन कमी भरले होते, त्यांच्यात पुढे हृदयविकाराने मरण पावणाऱ्यांचे प्रमाण अधिक होते. हृदयविकार हा केवळ उतारवयातील खाण्यापिण्याचा व चिंतेचा परिणाम, ही समजूत तेव्हापासून अपुरी ठरली. सुईणीने तान्ह्या बाळाला तराजूत घालून लिहिलेला एक आकडा साठ वर्षांनंतर बोलू लागला, ही गोष्ट आपण मनात ठेवावी. तिच्याकडे आम्हांस पुन्हा यावयाचे आहे.

दुसरे उदाहरण हॉलंडचे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, जर्मन सैन्याच्या ताब्यातील पश्चिम हॉलंडमध्ये अन्नाचा असा तुटवडा पडला की, ॲमस्टरडॅममध्ये माणशी दिवसाचे रेशन हजार उष्मांकांच्याही खाली, कित्येक आठवडे तर चारशे ते आठशेंवर आले. मे १९४५ मध्ये देश मुक्त झाला आणि अन्न पुन्हा मिळू लागले. उपासमारीला आरंभ व शेवट असल्यामुळे कोणते बालक गर्भाच्या कोणत्या महिन्यात त्या उपासमारीत सापडले हे नेमके सांगता येऊ लागले. आणि तेथील रुग्णालयाने प्रसूतीची कागदपत्रे सांभाळून ठेविली होती. ती बालके पन्नाशीला आली तेव्हा तपासणीत असे आढळले की, गर्भाच्या मधल्या व शेवटच्या महिन्यांत ज्यांनी उपासमार सोसली त्यांच्या शरीरास साखर पचविणे अधिक जड जात होते. आणि पहिल्या तिमाहीत ज्यांनी ती सोसली त्यांच्यात हृदयविकाराचे प्रमाण अधिक होते. यांतील पुष्कळांचे जन्मवजन अगदी सर्वसाधारण होते. अर्थात बाळ वजनाने बरे भरले म्हणजे सारे ठीक झाले असेही समजता येत नाही.

हे घडते कसे, असे आपण विचाराल. तुटपुंज्या मिळकतीचा कर्ता पुरुष जसा आधी धान्य भरतो आणि घराची डागडुजी पुढे ढकलतो, तसाच काहीसा व्यवहार गर्भाच्या शरीरात चालतो. पोषण अपुरे पडले की मेंदूचा वाटा शक्य तितका राखला जातो आणि स्वादुपिंड, मूत्रपिंड, स्नायू यांच्या वाढीत काटकसर होते. मूत्रपिंडातील रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म नलिकांचे उदाहरण घ्या. त्या सुमारे छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत तयार होतात. जन्मानंतर त्यांत एकीचीही भर पडत नाही. ज्याला त्या कमी मिळाल्या त्याला आयुष्यभर तेवढ्यावरच भागवावे लागते, आणि पुढे रक्तदाब वाढण्याचे एक कारण तेथे तयार होते.

आता आपण आपल्या प्रांतात येऊ. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील स्त्रियांचा व त्यांच्या मुलांचा जो दीर्घ अभ्यास चालविला, तो जगभर वाखाणला गेला आहे. या खेड्यांतील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे सुमारे ३.५ किलो. येथवर नवल नव्हते. नवल हे की, आपली बाळे स्नायूंनी व लांबीने पुष्कळच मागे असूनही त्वचेखालच्या चरबीत तितकी मागे नव्हती. दिसावयास किरकोळ, परंतु त्या मानाने चरबी अधिक, अशा या बाळांना त्यांनी ‘कृश-स्थूल’ अशा अर्थाचे नाव दिले. सडपातळ दिसणाऱ्या आपल्या माणसांना ऐन चाळिशीत मधुमेह का गाठतो, या कोड्याचा एक धागा अशा रीतीने पाळण्यापर्यंत जाऊन पोचला.

याच अभ्यासात आणखी दोन गोष्टी आढळल्या. ज्या स्त्रियांच्या आहारात हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध अधिक वेळा येत होते त्यांची बाळे अंगापिंडाने अधिक भरलेली होती. आणि शेतातील व घरातील कष्टाची कामे ज्यांना अधिक पडत होती त्यांची बाळे लहान होती. दुसरे असे की, निम्म्याहून अधिक गर्भवतींच्या रक्तात ब-१२ या जीवनसत्त्वाची कमतरता होती. ज्या मातांमध्ये ब-१२ कमी आणि फोलेट अधिक होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसल्याची लक्षणे अधिक दिसली. ब-१२ वनस्पतिज अन्नात नसते. ते दूध, दही, अंडी, मासे व मांस यांतून मिळते. शाकाहारी कुटुंबांनी शाकाहार सोडावा असे आमचे म्हणणे नाही. परंतु घरातले दूध-दही आधी पुरुषांच्या व मुलांच्या पानात जाऊन सुनेच्या वाट्यास ताकाचे पाणी उरत असेल, तर तो शाकाहाराचा दोष नसून वाढणाऱ्याचा आहे. अशा कुटुंबांतील भगिनींनी हे जीवनसत्त्व तपासून घ्यावे आणि वैद्यांच्या सल्ल्याने औषधरूपाने घ्यावे.

रक्तक्षयाच्या बाबतीत तर मुंबई नगरीचे नाव वैद्यकाच्या इतिहासात कोरले गेलेले आहे. १९२८ साली ल्युसी विल्स या इंग्रज संशोधिका मुंबईस आल्या आणि येथील गरीब गर्भवतींमध्ये, विशेषतः गिरणीतील कामकरी स्त्रियांमध्ये आढळणाऱ्या एका घातक रक्तक्षयाचा त्यांनी शोध घेतला. यीस्टपासून केलेल्या मार्माइट या स्वस्त पदार्थाने तो बरा होतो असे त्यांनी दाखविले व १९३१ साली ते प्रसिद्ध केले. त्यातील गुणकारी द्रव्य म्हणजेच पुढे पालकाच्या पानांतून वेगळे काढलेले फोलिक ॲसिड होय. १९९१ साली ब्रिटनमधील एका मोठ्या प्रयोगाने सिद्ध केले की, ज्या मातांचे आधीचे अपत्य मज्जारज्जूच्या व्यंगाचे होते त्यांनी गर्भधारणेपूर्वीपासून फोलिक ॲसिड घेतले तर तसे व्यंग पुन्हा होण्याचा संभव सुमारे तीन-चतुर्थांशाने कमी होतो. येथे ‘गर्भधारणेपूर्वीपासून’ हा शब्द महत्त्वाचा आहे. गर्भाची मज्जारज्जूची नळी पहिल्या चार आठवड्यांतच मिटते. त्या वेळी पुष्कळ भगिनींना आपणांस दिवस गेले आहेत याची जाणीवही नसते. यास्तव मूल हवे असा विचार झाला की त्याच दिवशी वैद्यांकडे जावे.

इतके शोध लागूनही, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे, आपल्या देशातील गर्भवतींपैकी ५२ टक्क्यांहून अधिक रक्तक्षयाने पीडित होत्या. सरकारी दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या मिळतात. गरोदरपणी १८० दिवस व बाळंतपणानंतर १८० दिवस त्या घ्यावयाच्या असतात. गोळीने शौचास काळे होते, मळमळते, म्हणून ती उशीखाली जाते. रात्री जेवणानंतर थोड्या वेळाने घ्यावी, चहाबरोबर घेऊ नये, आणि कॅल्शियमच्या गोळीशी तिची वेळ एक करू नये. एवढे सांभाळले तर बहुतेकींना ती सोसते.

येथवर मुलाविषयी बोललो. आता मातेविषयी, आणि आजच्या भाषणाचा गाभा हाच आहे.

गर्भारपण ही स्त्रीच्या शरीराची एक मोठी परीक्षा आहे. नवा पूल वाहतुकीस खुला करण्यापूर्वी अभियंते त्याच्यावर भार ठेवून पाहतात, तसे निसर्ग नऊ महिने तिच्या हृदयावर, रक्तवाहिन्यांवर, स्वादुपिंडावर भार ठेवून पाहतो. गर्भाच्या उत्तरार्धात वारेतून येणारे स्राव इन्सुलिनचा प्रभाव बोथट करतात. बहुतेक स्त्रियांचे स्वादुपिंड अधिक इन्सुलिन निर्माण करून हा भार पेलते. जिच्यापाशी राखीव शक्ती कमी असते तिच्या रक्तात साखर वाढते. यासच गर्भारपणीचा मधुमेह म्हणतात. आईची जादा साखर वारेतून बाळापर्यंत जाते, परंतु आईचे इन्सुलिन जात नाही. त्यामुळे बाळाचे स्वादुपिंड अधिक इन्सुलिन करू लागते आणि बाळ चरबीने वाढते. अशा मुलांना पुढे स्थूलता व मधुमेह यांचा धोका अधिक असतो. प्रसूती झाली, वार पडली, की आईची साखर बहुधा उतरते. घरचे म्हणतात, ‘गेला मधुमेह!’ खरे पाहता केवळ भार उतरला. राखीव शक्तीची उणीव तशीच आहे. अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून पाहता, अशा स्त्रियांना पुढील आयुष्यात मधुमेह होण्याचा संभव इतर स्त्रियांच्या सातपट किंवा त्याहूनही अधिक असल्याचे दिसले आहे.

रक्तदाबाचीही तीच कथा. विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर जाणे आणि लघवीतून प्रथिने जाणे, हे गर्भविषबाधेचे, म्हणजे आकडीपूर्व अवस्थेचे लक्षण मानतात. डोके अतिशय दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे, चेहऱ्यावर व हातांवर सूज, पोटाच्या वरच्या भागात कळ, यांपैकी काहीही दिसले तर रात्र सरण्याची वाट पाहू नये. त्याच घटकेस रुग्णालय गाठावे. प्रसूतीनंतर हा दाब बहुधा काही आठवड्यांत उतरतो. परंतु ज्या स्त्रियांना ही व्याधी होऊन गेली त्यांना पुढे हृदयविकाराचा धोका सुमारे दुप्पट, पक्षाघाताचाही जवळजवळ तितकाच, आणि कायमच्या रक्तदाबाचा तर त्याहूनही अधिक असतो, असे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या संकलनात आढळले. अमेरिकेतील हृद्रोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०११ सालीच असा दंडक घातला की, स्त्रीच्या हृदयाची तपासणी करताना तिच्या बाळंतपणांचा इतिहास अवश्य विचारावा.

आता आपल्या घरांत काय घडते ते पाहा. समजा, आपल्यापैकी एखाद्या कुटुंबातील सून पहिल्या बाळंतपणासाठी सातव्या महिन्यात माहेरी गेली. तेथील डॉक्टरांनी साखर तपासली. ती वाढलेली निघाली. पथ्य झाले, औषध झाले, प्रसूती सुखरूप पार पडली. दीड महिन्यानंतर पुन्हा साखर तपासा, असे डॉक्टरांनी कागदावर लिहून दिले. तो कागद माहेरच्या कपाटात राहिला आणि बाळ-बाळंतीण वाजतगाजत सासरी आली. सासरच्या डॉक्टरांना काही ठाऊक नाही. सासूबाईंना काही ठाऊक नाही. आणि बाळाच्या कौतुकात खुद्द तिलाही आठवण नाही. दहा वर्षांनी तिला थकवा येऊ लागतो, जखम लवकर भरत नाही, डोळ्यांची तक्रार सुरू होते, तेव्हा मधुमेह ‘अचानक’ उद्भवला असे सारे म्हणतात. तो अचानक उद्भवलेला नसतो. त्याने दहा वर्षांपूर्वी नाव-गाव सांगून वर्दी दिलेली असते. ती वर्दी दोन घरांच्या मधल्या वाटेत हरवलेली असते.

माहेरपणाची रीत आम्ही वाईट म्हणत नाही. थकलेल्या लेकीला आईच्या हातचे चार घास मिळावे, यासारखी चांगली रीत दुसरी नाही. परंतु लेकीबरोबर तिची ओटी परत पाठविता, बाळाचे बाळंतविडे पाठविता, तसे तिचे कागदही पाठविले पाहिजेत. आपण घरोघर जन्मपत्रिका किती जपून ठेवितो! पेटीच्या तळाशी, रेशमी रुमालात गुंडाळून, तीन-तीन पिढ्यांच्या. त्याच पेटीत, त्याच रुमालात, माता व बाल संरक्षण कार्ड आणि प्रसूतीचे कागद ठेवावे, ही आमची आपणां सर्वांस पहिली विनंती आहे. हर्टफर्डशायरच्या सुईणींच्या वह्या कोणी रद्दीत घातल्या असत्या तर जगाला एक मोठे सत्य उशिरा कळले असते. आपल्या घरचा कागद रद्दीत गेला तर आपल्याच लेकीचे सत्य तिला उशिरा कळेल.

ही माहिती ऐकून कोणी हताश होऊ नये. आम्ही सांगतो ते विधिलिखित नव्हे. तो इशारा आहे, आणि इशाऱ्याचा उपयोग सावध होण्यासाठी असतो. अमेरिकेतील एका मोठ्या प्रयोगात, पूर्वी गर्भारपणी मधुमेह होऊन गेलेल्या व साखर सीमेवर आलेल्या स्त्रियांनी मिताहार व नियमित व्यायाम सांभाळला तेव्हा त्यांच्यात मधुमेहाचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटले. आपल्या मुंबईतही २००६ पासून काही वर्षे गरीब वस्त्यांतील साडेसहा हजारांवर स्त्रियांमध्ये एक प्रयोग झाला. गर्भधारणेपूर्वीपासून काहींना रोज पालेभाज्या, फळे व दूध घालून केलेला खाऊ देण्यात आला, तर काहींना बटाटा-कांद्यासारख्या भाज्यांचा. सर्व बालकांचा एकत्र हिशेब करता वजनात फारसा फरक पडला नाही. परंतु पहिल्या खाऊच्या स्त्रियांत गर्भारपणीच्या मधुमेहाचे प्रमाण दुसऱ्यांच्या मानाने निम्म्याच्या जवळपास उतरले. ओंजळभर पालेभाजी, एखादे फळ आणि पेलाभर दूध, ही आपल्या आवाक्याबाहेरची गोष्ट आहे काय?

काही रूढ समजुतींचाही येथे परामर्श घेणे अवश्य आहे. ‘फार खाल्ले तर बाळ मोठे होऊन अडेल’ म्हणून शेवटच्या महिन्यांत अन्न कमी करणे हानिकारक आहे. ‘दोन जिवांची आहे’ म्हणून तूप-साखरेचा मारा करणेही तितकेच हानिकारक आहे. दोन जिवांसाठी खावयाचे म्हणजे दुप्पट खावयाचे नव्हे, दुप्पट विचाराने खावयाचे. सोमवार, चतुर्थी, एकादशी असे कडक उपवास गर्भवतीने वैद्यांस विचारल्याविना करू नयेत. घरातील वडीलधाऱ्यांनीच तिला मोकळीक दिली तर तिच्या मनास बोचणार नाही. मिश्री व तंबाखू यांविषयी तर स्पष्टच बोलले पाहिजे. मुंबईतील १,२१७ गर्भवतींच्या अभ्यासात, २००४ साली प्रसिद्ध झाल्याप्रमाणे, तंबाखू खाणाऱ्या व मिश्री लावणाऱ्या स्त्रियांची बाळे सरासरीने शंभर ग्रॅमहून अधिक हलकी होती. दात घासण्याचे निमित्त करून ही सवय अजून कित्येक घरांत टिकून आहे. ती या पिढीने संपवावी.

जन्मानंतरच्या दोन वर्षांविषयीही एक शब्द. पहिले सहा महिने बाळास केवळ अंगावर पाजावे. ते बाळासही हितकर आणि मातेचा पुढील मधुमेहाचा धोका कमी करण्यासही सहायक. परंतु हलक्या वजनाच्या बाळाला ‘बाळसे’ आणण्याच्या नादात पुढे बिस्किटे, मिठाई, तळलेले पदार्थ कोंबू नयेत. दिल्लीत १९६९ ते १९७२ मध्ये जन्मलेल्या मुलांचा माग ठेवणाऱ्या अभ्यासात असे दिसले की, तान्हेपणी कृश असून बालपणी लवकर व वेगाने स्थूल होऊ लागलेल्यांनाच तरुणपणी मधुमेहाने अधिक गाठले. बाळाला उंचीने व स्नायूंनी वाढू द्यावे. गालांच्या गुबगुबीतपणावर परीक्षा करू नये.

आणि या सर्वांचा उगम आणखी मागे, बारा-पंधरा वर्षांच्या मुलीच्या ताटात आहे. आजची ती मुलगी उद्याची माता. भावाच्या पानात दुसरा पेला दुधाचा आणि तिच्या पानात नाही, असे ज्या घरात चालते ते घर आपल्याच नातवंडांच्या वाट्याचे दूध आज सांडते आहे. विवाहाची व पहिल्या अपत्याची घाई न करणे, दोन अपत्यांत पुरेसे अंतर ठेवणे, हेही याच हिशेबात मोडते.

आता एक नाजूक गोष्ट. वर सांगितलेले ज्ञान सुनेला दूषण देण्यासाठी वापरले जाईल, अशी भीती आम्हांस वाटते. ‘हिच्या खाण्यामुळे बाळ असे झाले’, ‘हिच्या घराण्यातच साखर आहे’, अशी वाक्ये आपणां सर्वांच्या कानांवर येतात. त्या भीतीनेच कित्येक माहेरची माणसे लेकीचा कागद लपवितात आणि धाकट्या बहिणीच्या विवाहास बाध येऊ नये म्हणून मूग गिळून बसतात. परंतु वर दिलेला प्रत्येक दाखला पाहा. हॉलंडमधील मातांनी उपासमार स्वतः ओढवून घेतली नव्हती. पुण्याजवळच्या खेड्यांतील स्त्रिया हौसेने कष्ट उपसत नव्हत्या. गर्भवतीचे पोषण ती एकटी ठरवीत नाही. ते तिच्या पानात वाढणारा हात, तिच्या डोक्यावरील कामाचा भार आणि दवाखान्यात जाण्यासाठी तिला मिळणारी मोकळीक यांवर ठरते. दोष द्यावयाचाच तर तो साऱ्या घराने वाटून घ्यावा. आणि त्याहून बरे म्हणजे दोषाऐवजी काम वाटून घ्यावे. आपल्या वधूवर सूचक मंडळानेही असा संकेत पाडावा की, बाळंतपणातील व्याधी ही स्थळ नाकारण्याची सबब होऊ शकत नाही.

शेवटी, संघापुढे आम्ही चार सूचना ठेवितो. एक : प्रत्येक कुटुंबाने प्रसूतीचे कागद पत्रिकेसारखे जपावे, आणि लेक सासरी परतताना ते तिच्या हाती द्यावे. दोन : प्रत्येक गर्भवतीची साखर पहिल्या भेटीतच व पुन्हा २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान तपासली जावी, प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी केंद्रांत विनामूल्य तपासणी होते, तिचा संकोच न बाळगता लाभ घ्यावा. तीन : जिला गर्भारपणी साखर किंवा रक्तदाब झाला असेल तिची सहा आठवड्यांनी तपासणी व्हावी, आणि पुढे जन्मभर, बाळाच्या प्रत्येक वाढदिवसाच्या महिन्यात, साखर व रक्तदाब पाहिला जावा. बाळाचा वाढदिवस घरात कोणी विसरत नाही. त्या तारखेला आईची तपासणी जोडली म्हणजे तीही कोणी विसरणार नाही. चार : संघाच्या शिष्यवृत्ती निधीतून जसे विद्यार्थ्यांस साह्य होते, तसे महिला शाखेने गरजू गर्भवती भगिनींसाठी व वाढत्या वयाच्या मुलींसाठी दूध, फळे व तपासण्या यांचा एक लहानसा निधी उभारावा. डोहाळजेवणाच्या खर्चातून प्रत्येक घराने थोडी रक्कम बाजूस काढली तरी त्याचा आरंभ होऊ शकेल.

ज्ञातीचा उत्कर्ष आपण पदव्या, इमारती व देणग्या यांनी मोजतो. ती मोजमापे खोटी नाहीत. परंतु ज्या मुलांसाठी आपण शिष्यवृत्त्या ठेवितो त्यांची देहसंपत्ती वसतिगृहात येण्यापूर्वी कितीतरी आधी, आईच्या उदरात घडत असते; आणि ज्या मातांचे आपण समारंभात पूजन करतो त्यांचे पन्नाशीनंतरचे आरोग्य एका जपून ठेवलेल्या कागदावर अवलंबून असू शकते. घरी गेल्यावर प्रत्येकाने आपल्या मातेला, पत्नीला, भगिनीला एवढेच विचारावे : ‘तुझ्या बाळंतपणात काय झाले होते, आणि त्यानंतर तुझी तपासणी केव्हा झाली?’ उत्तर ‘आठवत नाही’ असे आले, तर उद्याचा दिवस दवाखान्यासाठी राखून ठेवावा.